ओला शर्ट: फॉरेन्सिकमधलं माझं पहिलं वर्ष

मागे ऐकू येतंय का? पत्र्यावर पाऊस वाजतोय, म्हणून जरा मोठ्याने बोलते. आणि जे हे नंतर मोबाईलवर ऐकणार आहेत, कर्जत लोकलमध्ये हेडफोन लावून, त्यांनाही सांगते: मागचा आवाज पावसाचा आहे, तुमचा हेडफोन बिघडलेला नाही.

मला विषय दिलाय ‘बदलत्या तंत्रज्ञानात फॉरेन्सिकचं करिअर’. इथे येण्याआधी काही मुलींनी इन्स्टावर प्रश्न पाठवले होते. बहुतेकींचा प्रश्न एकच होता: ताई, आता एआय आलंय, मग आम्ही शिकेपर्यंत हे काम शिल्लक राहील का? त्याचं उत्तर मी देईन. पण सुरुवात एका शर्टापासून करते.

मागच्या वर्षी जूनमध्ये मी कामाला लागले. मोबाईल फॉरेन्सिक व्हॅनवर, कंत्राटी. ती मोठी गाडी तुमच्यापैकी काहींनी रस्त्याने जाताना पाहिली असेल. आत कॅमेरा, वेगवेगळी किट, लाईट, छोटा फ्रीज. माझ्या आईने त्या गाडीचे फोटो अख्ख्या भावकीच्या ग्रुपवर टाकले होते. महिनाभरात, जुलैमधल्या एका रात्री फोन आला. कुठला तालुका, कुठलं ठाणं, ते सांगणार नाही, आणि त्या घराबद्दलही जास्त बोलणार नाही. नदीकाठी एक तरुण मुलगा मृत सापडला होता. मारामारी झाली असावी असा संशय होता. थोड्या अंतरावर करवंदीच्या जाळीत एक शर्ट अडकलेला होता. तो मयताचा नव्हता. त्यावर डाग होते, रक्ताचे वाटावेत असे.

पाऊस असा, की टॉर्चचा झोत दहा पावलांपलीकडे जात नव्हता. चिखलामुळे व्हॅन डांबरी रस्त्यावरच थांबवली होती, तिथून आम्ही चालत गेलो. मी फोटो काढले, मापं घेतली, शर्ट उचलला आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला. लेबल लावलं, पंचांच्या सह्या घेतल्या, सील केलं. वीस-पंचवीस मिनिटांत सगळं आटपलं आणि मला वाटलं, जमलं की आपल्याला.

तुमच्यापैकी ज्यांनी हा विषय वाचलाय त्यांच्या लक्षात आलं असेल. ओला कपडा प्लॅस्टिकमध्ये घालायचा नसतो. तो सावलीत, मोकळ्या हवेत, स्वच्छ कागदावर किंवा दोरीवर वाळवायचा आणि मगच कागदी पाकिटात भरायचा. ओलं रक्त प्लॅस्टिकमध्ये कोंडलं की जिवाणू आणि बुरशी वाढते, आणि त्यातला डीएनए तुटत जातो. हा प्रश्न मला एमएस्सीच्या परीक्षेत आला होता. मी त्याचं उत्तर आकृतीसकट लिहिलं होतं.

तिथे एक हवालदार काका होते, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेले. ते म्हणाले, “मॅडम, चौकीत पंख्याखाली दोरीवर टाकू रातभर. सकाळी बांधू.” मला वाटलं, चौकीत दहा माणसांची ये-जा, नमुन्यात भलतंच काही मिसळलं तर? मी म्हटलं, “नको काका, आत्ताच सील करू. उद्या लॅबला जाईल.” काका गप्प बसले. नवीन पोरीला, त्यातून शिकलेल्या, किती वेळा सांगणार?

दुसऱ्या दिवशी रस्त्यावर पाणी. मग शनिवार-रविवार. मग जो शिपाई मुद्देमाल घेऊन जाणार होता तो बंदोबस्ताला गेला. शर्ट सहाव्या दिवशी प्रयोगशाळेत पोचला. पिशवी उघडली तेव्हा आत काळपट बुरशी होती. काही महिन्यांनी अहवाल आला. रक्त माणसाचं आहे, पण डीएनए प्रोफाइल मिळालं नाही. म्हणजे रक्त कोणाचं, आणि तो शर्ट कोणाच्या अंगावर होता, हे त्या शर्टावरून कधीच कळणार नाही.

मुलाचे वडील ठाण्यात आले होते. मी तिथे दुसऱ्याच कामासाठी गेले होते. कोणीतरी त्यांना सांगितलं, त्या रात्री व्हॅन घेऊन आलेल्या मॅडम याच. ते माझ्यावर ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, “मशीन होती ना ताई तुमच्याकडे?”

होती.

त्या प्रकरणाचा तपास बाकीच्या पुराव्यांवर पुढे गेला, आता ते न्यायालयात आहे, त्याबद्दल बोलणं बरोबर नाही. पण तंत्रज्ञान बदलतंय वगैरे मी जे बोलणार आहे ते सगळं त्या वाक्यानंतरचं आहे, हे धरून ऐका.

आता माझ्याबद्दल थोडं. मी इथलीच. कडावच्या बाजूचं गाव, घरची भातशेती, बारावी सायन्स, बीएस्सी केमिस्ट्री. या भागातली केमिस्ट्रीची मुलं जिथे जातात तिथेच मीही गेले, रसायनी-पाताळगंगेच्या पट्ट्यातल्या कारखान्यात, क्वालिटी कंट्रोलला. दोन वर्षं गॅस क्रोमॅटोग्राफवर काम केलं. तेव्हा ते फार कंटाळवाणं वाटायचं. रोज तेच सॅम्पल, तोच ग्राफ, रजिस्टरमध्ये तीच नोंद. चुकीची नोंद खोडायची तर एकच आडवी रेघ, बाजूला सही आणि तारीख. व्हाईटनर लावला की साहेब वही परत फेकायचे. तीच सवय पुढे मला सगळ्यात जास्त उपयोगी पडली. तुमच्यापैकी कोणी आत्ता अशा नोकरीत असेल आणि आपलं आयुष्य वाया चाललंय असं वाटत असेल, तर जरा थांबा. दारूत मिथेनॉल आहे का, रक्तात अल्कोहोल किती, हे फॉरेन्सिक प्रयोगशाळेतही गॅस क्रोमॅटोग्राफवरच बघतात. मालवणीत 2015 साली विषारी दारूने शंभराच्या वर माणसं गेली, ती या मिथेनॉलमुळे. यंत्र तेच असतं. फरक एवढाच, की कारखान्यात सॅम्पल खराब झालं तर टाकीतून दुसरं काढता येतं. इथे येत नाही.

फॉरेन्सिककडे मी वळले ती मात्र यंत्रामुळे नाही. 19 जुलै 2023 च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड आली. खालापूर तालुका, इर्शाळगडाच्या कुशीतली ठाकूर समाजाची वाडी. तुम्हाला मी काय सांगणार, इथल्या अर्ध्या मुलांचं कोणी ना कोणी तिथे मदतीला गेलं असेल. वाडीला रस्ता नाही, वर जेसीबी चढू शकत नाही, माणसं कुदळ-फावड्याने माती उपसत होती. आम्ही काही जण खाली चौकला पाणी आणि खाण्याची पाकिटं वाटायला होतो. 27 मृतदेह मिळाले. 57 माणसं बेपत्ता राहिली. 23 तारखेला शोध थांबवला.

मी तेव्हा विचारायला लागले, की ज्यांचं शरीरच मिळालं नाही त्यांचं कागदावर काय होतं? कायद्यातला सर्वसाधारण नियम असा, की सात वर्षं ज्याची काही खबर नाही त्याला मृत धरता येतं. तोवर मृत्यूचा दाखला नाही, आणि दाखल्याशिवाय घरच्यांचं काय काय अडतं ते तुम्हीच मोजा. अशा दुर्घटनांत सरकारला वेगळा मार्ग काढावा लागतो. आणि शरीर मिळालं पण चेहरा ओळखू येत नाही, तेव्हा? मी घरी येऊन यूट्यूबवर बघत बसले. डीएनए, दात, जुन्या फ्रॅक्चरचे एक्स-रे. तिथे सांगत होते, मृताचा टूथब्रश, कंगवा आणा, त्यावरून जुळवता येतं. नाहीतर आई-वडील, मुलं यांचं रक्त घ्या. मी ऐकत होते आणि मनात आलं, अख्खं घर मातीखाली आहे, टूथब्रश कुठून आणणार? आणि रक्त द्यायला आई-वडील, मुलं सगळी त्याच मातीखाली असतील तर? डीएनए कितीही अचूक असो, त्याला जुळवायला समोर दुसरं कोणीतरी लागतं. त्याच महिन्यात मी एमएस्सीचा फॉर्म भरला.

पुढची दोन वर्षं कर्जत ते सीएसएमटी, जाऊन-येऊन रोजचे साडेचार-पाच तास. मोबाईलवर नोट्स वाचायच्या, बदलापूरपर्यंत बसायला जागा मिळालेली असायची, नंतर तीही कुणा आजींना द्यायची. असो.

इथे एक गैरसमज काढून टाकते, कारण माझ्या आजीलाही तो आहे. ‘सीआयडी’मधले डॉक्टर साळुंखे. एक माणूस, एक टेस्ट ट्यूब, पाच मिनिटांत विष कुठलं, केस कोणाचा, गोळी कुठल्या बंदुकीची, सगळं सांगतो. असा माणूस कुठल्याच प्रयोगशाळेत नसतो. आपल्या राज्याच्या खात्याचं नाव न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा संचालनालय, मुख्यालय कलिनाला. तिथे विषशास्त्र वेगळं, जीवशास्त्र वेगळं, डीएनए वेगळा, बंदुका-काडतुसं वेगळी, सायबर आणि आवाजाचं विश्लेषण वेगळं, दारूबंदीचे नमुने वेगळे. बोटांचे ठसे आणि हस्ताक्षर यांचं काम तर आपल्याकडे पोलिसांच्या गुन्हे अन्वेषण विभागाकडे आहे, म्हणजे खऱ्याखुऱ्या सीआयडीकडे. ज्याला ठसे तपासायचेत त्याने प्रयोगशाळेच्या जाहिरातीची वाट बघत बसू नये.

आणखी एक मजा. पोलीस ठाण्यात गेलात तर कोणी ‘फॉरेन्सिक रिपोर्ट आला का’ असं विचारत नाही. विचारतात, “सीए आला का?” सीए म्हणजे चार्टर्ड अकाउंटंट नव्हे, केमिकल अॅनालायझर. ब्रिटिश काळात मुंबई सरकारचं रासायनिक विश्लेषकाचं पद होतं, विषबाधेच्या केसेसमध्ये पोटातलं काय ते तपासणारं. मधल्या काळात यंत्रं किती बदलली, खात्याचं नाव बदललं, कायदे बदलले, पण ठाण्यातला शब्द तोच राहिला. पहिल्या आठवड्यात मला वाटलं होतं इथे ऑडिट चालू आहे.

बरं, बदल. खरोखर काय बदललंय?

1 जुलै 2024 पासून नवे कायदे लागू झाले. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 176 मध्ये आता लिहिलंय, की सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षा असलेल्या गुन्ह्यात फॉरेन्सिक तज्ज्ञाने घटनास्थळी जायचं, पुरावे गोळा करायचे आणि त्याचं चित्रीकरण करायचं. राज्यांना तयारीसाठी पाच वर्षांपर्यंत मुदत आहे. झडती आणि जप्ती यांचंही चित्रीकरण करायचं, ते कलम 105. आधी पंचनामा म्हणजे कागद आणि दोन पंच. आता हवालदाराच्या हातात मोबाईल असतो, ई-साक्ष्य ॲपवर रेकॉर्डिंग होतं. माझ्यासारख्यांच्या नोकऱ्या निघाल्या त्या यामुळे. व्हॅनही यामुळेच आल्या. जून 2024 मध्ये केंद्राने फॉरेन्सिकच्या सुविधा वाढवायला 2254 कोटींची योजना मंजूर केली, त्यात राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठाचे नवे कॅम्पस आणि नव्या केंद्रीय प्रयोगशाळा आहेत. तेव्हा ‘स्कोप आहे का’ याचं सरळ उत्तर: आहे. पण कंत्राटी नोकरी हीही त्या स्कोपचाच भाग आहे, हे घरी आधी सांगून ठेवा. अकरा महिन्यांनी ऑर्डर वाढते की नाही या धाकधुकीत माझी आई दर वर्षी उपवास धरणार असं दिसतंय.

दुसरा बदल मोबाईलचा. कुठलाही गुन्हा घ्या, त्यात फोन असतोच. फोटो, लोकेशन, व्हॉट्सॲप, सीसीटीव्ही. मुलांना वाटतं, व्हिडिओ आहे म्हणजे झालं, गुन्हा सिद्ध. आपल्याच राज्यातली गोष्ट सांगते. 2014 च्या विधानसभा निवडणुकीत जालन्यात अर्जुन खोतकर आणि कैलास गोरंट्याल यांच्यात वाद झाला. उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या मुदतीनंतर भरला का, हा मुद्दा. निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातलं व्हिडिओ रेकॉर्डिंग होतं. म्हणजे घड्याळ, माणसं, सगळं दिसतंय. तरी भांडण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, आणि मोठा प्रश्न होता तो त्या रेकॉर्डिंगसोबत लागणाऱ्या एका प्रमाणपत्राचा. 14 जुलै 2020 ला न्यायालयाने सांगितलं, मूळ उपकरणच न्यायालयात आणलं नसेल तर इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रतीसोबत ते प्रमाणपत्र हवंच. त्या खटल्यात अधिकाऱ्यांनी वारंवार मागूनही ते दिलं नव्हतं, म्हणून तेवढ्यापुरती सूट मिळाली.

नव्या साक्ष अधिनियमात, कलम 63, त्या प्रमाणपत्रात हॅश व्हॅल्यूही लिहावी लागते. हॅश म्हणजे काय? आपल्याकडे मुद्देमालाच्या पाकिटाला लाखेचं सील लावतात ना, तसंच. कुठलीही फाईल त्या गणितात घातली की एक ठरावीक लांबीचा आकडा-अक्षरांचा माळा बाहेर पडतो. एसएचए-256 वापरलं तर 64 अक्षरांचा. फाईलमध्ये एक स्वल्पविराम जरी बदलला तरी अख्खा माळा बदलतो. जप्तीच्या वेळचा आणि न्यायालयातला माळा सारखा, म्हणजे फाईलला कोणी हात लावलेला नाही. किती सुंदर गोष्ट आहे! पण ती हॅश जप्तीच्या वेळी काढली तर. आठ दिवस फोन टेबलावर पडून राहिला, दोघांनी उघडून बघितला आणि मग हॅश काढली, तर सील लागलं, पण पाकीट उघडं असताना काय झालं ते कोण सांगणार?

आता एआयचा प्रश्न. फोनमधल्या वीस हजार फोटोंतून हत्यार दिसणारे वेगळे काढणं, तासन् तास सीसीटीव्हीतून लाल मोटरसायकल शोधणं, हे सॉफ्टवेअर करू लागलंय आणि करू दे, डोळे वाचतील. ठशांचंही तसंच. महाराष्ट्र पोलिसांकडे ॲम्बिस नावाची प्रणाली आहे, ठसा टाकला की साठवलेल्या नोंदींतून जवळचे जुळणारे ठसे ती पुढे करते. पण त्यात टाकायला ठसा आधी मिळायला हवा. जुलैमध्ये, कर्जतला, मोटरसायकलच्या भिजलेल्या टाकीवरचा ठसा उचलून बघा. ओल्या पृष्ठभागावर नेहमीची पावडर चालतच नाही, लगदा होतो. त्याला वेगळं द्रावण फवारावं लागतं. ते व्हॅनमध्ये आहे का, संपलंय का, तारीख उलटलीय का, हे बघणारी तुम्ही. आणि उद्या उलटतपासणीत वकील साहेब विचारतील, “तुम्ही किती वाजता पोचलात? पाऊस चालू होता? मग डाग पावसाने पसरले नसतील कशावरून?” तेव्हा पिंजऱ्यात सॉफ्टवेअर उभं राहत नाही. उलट एआयमुळे काम वाढलंय. कोणाचाही आवाज बनवता येतो, त्यामुळे खरी क्लिपसुद्धा आरोपी म्हणतो खोटी आहे.

आपल्या शेजारच्या पेण तालुक्यात गागोदे आहे. विनोबांचं गाव म्हणून आपण शाळेत शिकलो. त्याच परिसरात मे 2012 मध्ये जळालेल्या अवस्थेतले मानवी अवशेष सापडले. ऑगस्ट 2015 मध्ये मुंबई पोलिसांनी शीना बोरा प्रकरणात अटका केल्या, तेव्हा ते अवशेष तिचे असल्याचं पुढे आलं आणि तिथे पुन्हा खोदकाम झालं. खटला चालू आहे, कोण दोषी हे न्यायालय ठरवेल, मी त्यात शिरत नाही. मी बघते ते मधली तीन वर्षं. 2012 ला नमुने घेतले, तपासणीला पाठवले, पण गुन्हा नोंदला गेला नाही. तीन वर्षांनी तोच प्रश्न नव्याने विचारायची वेळ आली तेव्हा पहिल्या दिवशी काय घेतलं, कुठे ठेवलं, काय लिहिलं यावरच सगळी झटापट. पुढे 2024 मध्ये सरकार पक्षाने न्यायालयात सांगितलं की अवशेष सापडत नाहीत, आणि नंतर सांगितलं की सापडले. देशभर गाजलेल्या खटल्यात हे होतं. डीएनएचं यंत्र 2012 लाही होतं.

म्हणून मला कोणी विचारलं की काय शिकू, तर मी आधी लिहायला शिका म्हणते. मराठीत. पंचनामा मराठीत असतो, पंच मराठी बोलतात, आणि इथल्या वाड्यांवर तर ठाकरी, कातकरी बोलतात. ‘मयताच्या उजव्या बाजूस अंदाजे तीन फुटांवर’ असं लिहायचं की ‘जवळच’, यात खटला हलतो. ‘जवळच’ लिहिलेलं मी पाहिलंय. उजवी बाजू मयताची की बघणाऱ्याची, हेही लिहायचं राहिलेलं पाहिलंय. माझ्या वर्गातल्या हुशार मुली इंग्रजीत उत्तम रिपोर्ट लिहायच्या, पण घटनास्थळावर ओहोळ, बांध, पाणंद, खाचर यांना काय म्हणायचं ते त्यांना माहीत नव्हतं. ते तुम्हाला माहीत आहे. त्याची लाज वाटून घेऊ नका, तो तुमच्या कामाचा भाग आहे.

इथल्या केसेस काय असतात तेही बघा. रील्समध्ये सीरियल किलर असतात. इथे एक्स्प्रेस-वेवरचे अपघात असतात, बोरघाटातले. चालकाचं रक्त घेतलं आणि बाटलीत सोडियम फ्लोराईड नसेल, तर जिवाणू त्यात अल्कोहोल बनवूही शकतात आणि असलेलं संपवूही शकतात. मर्यादा 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम. चिमूटभर पावडरीवरून एक माणूस आत जाणार की बाहेर राहणार ते ठरतं. दुसरं, फवारणीच्या औषधाची विषबाधा. तिसरं, पावसाळ्यात धबधब्यांवर, नदीवर येणारी पोरं. पाण्यात सापडलेला माणूस बुडून मेला की मेल्यावर पाण्यात टाकला? पाण्यात डायटम नावाचं सूक्ष्म शेवाळ असतं, त्याला सिलिकाचं कवच असतं. जिवंतपणी पाणी फुफ्फुसात ओढलं गेलं तर ते रक्तावाटे हाडाच्या मगजापर्यंत पोचू शकतं. मगज आम्लात विरघळवायचा आणि उरलेली कवचं सूक्ष्मदर्शकाखाली बघायची. चाचणीला मर्यादा आहेत, पण ती करायचीच झाली तर त्याच जागचं पाणी तुलनेला लागतं. उल्हासचं वेगळं, पेजचं वेगळं, पाताळगंगेचं वेगळं. ती एक बाटली पाणी भरून घ्यायची राहिली, की झालं. यात कुठलं एआय आणणार तुम्ही?

शिक्षणाचं पटकन सांगते, कारण हे सगळं तुम्ही गुगल कराल. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था आहेत, बीएस्सी आणि एमएस्सी होतं. राष्ट्रीय विद्यापीठ गांधीनगरला आहे, गोव्यातही त्याचा कॅम्पस आहे. पण फॉरेन्सिकचीच पदवी हवी असं नाही. रसायन, भौतिक, जीवशास्त्र, कॉम्प्युटर, मानसशास्त्र यांतूनही माणसं येतात, पदानुसार अट वेगळी असते. 2024 मध्ये संचालनालयाने गट-क च्या 125 जागा काढल्या, त्यात वैज्ञानिक सहाय्यक होते, सायबर आणि ध्वनी विश्लेषणाचे होते, प्रयोगशाळा सहाय्यकही होते. सहायक रासायनिक विश्लेषकाची पदं एमपीएससीतून भरतात. जाहिरात शेवटच्या ओळीपर्यंत स्वतः वाचा, टेलिग्रामवरच्या दादाने सांगितलेली नको. आणि कृपा करून ‘तीन महिन्यांत फॉरेन्सिक एक्स्पर्ट’ वाल्या ऑनलाईन कोर्सला पैसे भरू नका. मी भरले होते. प्रमाणपत्र आलं, छान सोनेरी किनार होती, त्यावर माझं नाव चुकलेलं.

वेळ झाली, मॅडम घड्याळ दाखवतायत. शर्टाचं संपवते.

त्या अहवालानंतर मी हवालदार काकांना जाऊन सांगितलं, की काका, चूक माझी होती. ते म्हणाले, “तुमची कसली, पावसाची.” मग थोड्या वेळाने म्हणाले, “पण दोरी बांधायला पाहिजे होती.” आता माझ्या बॅगेत नायलॉनची दोरी असते, कपड्यांचे नवे चिमटे असतात, कोऱ्या न्यूजप्रिंटचा गठ्ठा असतो आणि बाहेर लावायला एक बोर्ड, ‘आत येऊ नये’. शंभर-दीडशे रुपयांचं सामान.

या जूनमध्ये, पहिल्याच मोठ्या पावसात, पुन्हा एक रात्र आली. दोन कपडे, दोन्ही भिजलेले. मी शाळेची एक रिकामी खोली मागून घेतली, कुलूपवाली. दोन कपडे दोन टोकांना, खाली वेगवेगळा कागद, ग्लोव्हज बदलून. किती वाजता टांगले ते लिहिलं, खोलीत कोण आलं-गेलं ते लिहिलं. कोणीच आलं नाही. वीज दोनदा गेली, तेही लिहिलं. दाराबाहेर बाकावर मी आणि एक महिला शिपाई बसून होतो, मोबाईलची बॅटरी संपलेली, त्यामुळे गप्पा मारण्यावाचून इलाज नव्हता. पहाटे पाचला हात लावून बघितलं तर एक वाळला होता, दुसऱ्याची कॉलर अजून दमट होती. म्हणून आणखी दोन तास थांबलो.

चला, आता प्रश्न विचारा. मागच्या मुलीने मघापासून हात वर केलाय.